औषधाचं काम

“ही शुगर गरोदरपणामुळे आलेली नाही. ती तुम्हाला आधीपासूनच आहे. कदाचित चार-पाच वर्षांपासून.”

डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट माझ्याकडे फिरवला आणि एका आकड्याभोवती पेनाने गोल केला. एचबीएवनसी, आठ पूर्णांक एक. मागच्या तीन महिन्यांत रक्तात सरासरी किती साखर होती, ते ही तपासणी सांगते. एक दिवस उपाशी राहून तिला फसवता येत नाही.

मला नववा आठवडा होता. लग्नानंतर सहा वर्षांनी दिवस राहिले होते. मी त्या खोलीत बाळाचे ठोके ऐकायला गेले होते. नवरा, प्रशांत, मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून बसला होता. त्या रेकॉर्डिंगमध्ये ठोके नाहीत, मॅडमचं हेच वाक्य आहे. आम्ही ते अजून पुसलेलं नाही.

मी एकतीस वर्षांची. वजन शेहेचाळीस किलो. गोड फारसं खात नाही. आमच्या घराण्यात शुगर कोणालाच नव्हती, निदान कोणी तपासली नव्हती. मी म्हटलं, “मॅडम, रिपोर्ट बदलला असेल.” त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त घ्यायला लावलं. आकडा तोच.

मग त्यांनी सांगितलं की बाळाचं हृदय आणि मणका पहिल्या काही आठवड्यांतच घडतो, आणि त्या काळात आईची साखर इतकी असणं बाळासाठी चांगलं नसतं. “जे आठवडे गेले ते गेले. उरलेले आपल्या हातात आहेत.” आजच इन्सुलिन सुरू.

हे मी कोणासाठी लिहिते आहे ते आधी सांगते. तुम्ही बारीक असाल, तरुण असाल आणि तुम्हाला कोणी “शुगर आहे” म्हटलं असेल, तर तुमच्यासाठी. तुमची आई शेतात, गोदामात, कारखान्यात राबली असेल, तर जास्तच तुमच्यासाठी. मी डॉक्टर नाही, बी.कॉम. आहे. नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये कागदपत्रं सांभाळते. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे सांगताना मला लाज वाटत नाही, छाती भरून येते. म्हणून दवाखान्यातले फॉर्म मी दुसऱ्या कोणाला भरू देत नाही. स्वतः भरते, इंग्रजीत भरते, मोठ्या अक्षरांत भरते.

त्या फॉर्मवर एक प्रश्न होता. तुमच्या जन्माच्या वेळी तुमच्या आईने गरोदरपणात कोणती औषधं घेतली होती का? मी आईला फोनसुद्धा केला नाही. लिहिलं, “नो.” मला माहीतच होतं. आईने माझ्या वेळी गोळीचं तोंडही पाहिलं नव्हतं.

माझ्या शिक्षणाने केलेली ही पहिली चूक.

*

पुढचे तीन आठवडे सुया आणि बाकड्यांवर गेले. सकाळी उपाशीपोटी रक्त, नाश्त्यानंतर दोन तासांनी रक्त. मधले दोन तास ओपीडीच्या बाकावर. शेजारच्या बायका पोटाकडे बघून महिना विचारायच्या आणि हातातल्या फाइलकडे बघून गप्प व्हायच्या.

आधी जीएडी अँटिबॉडीची तपासणी झाली. शरीर स्वतःच्याच स्वादुपिंडावर हल्ला करतं का, हे तिच्यात कळतं. करत नव्हतं. मग सी-पेप्टाइड. स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन बनवतं का, हे त्यात कळतं. माझं भरपूर बनवत होतं, गरजेपेक्षा जास्त. शरीर ते वापरत नव्हतं. याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. किल्ली आहे, कुलूप फिरत नाही. सोनोग्राफीत बाळ व्यवस्थित दिसलं. माझ्या लिव्हरवर चरबी दिसली. फॅटी लिव्हर. शेहेचाळीस किलोच्या बाईला.

आहारतज्ज्ञ बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “बाहेरचं किती खाता? खरं सांगा.” मी खरं सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही. माझ्या तोंडावर हसून वहीत काहीतरी लिहिलं. सासरकडून फोन आला, “पोरगी दिवसभर एसीत खुर्चीवर बसून राहते, मंग काय होईन?” खुर्ची मी शिकून मिळवली होती. आता तीच माझा गुन्हा ठरली. आणि मीही तसंच मानायला लागले. रात्रीचं जेवण कमी केलं, तर शुगर एकदम उतरली, हातपाय थरथरले. मंदा सिस्टर माझ्यावर ओरडल्या, “उपास कराले कोणी सांगतलं तुले? पोटातल्याचा पण उपास करून राहिली का?”

मंदा सिस्टर काटोलकडच्या. इन्सुलिन कसं घ्यायचं ते त्यांनीच शिकवलं. उन्हाळ्यात लाइट गेली की इन्सुलिनचं पेन कुठे ठेवायचं तेही. डबीत घालून माठाखालच्या गार वाळूवर. त्यांचे उपकार मी विसरणार नाही, आणि पुढे जे झालं त्यात तर नाहीच.

*

चौथ्या व्हिजिटला आई सोबत आली. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडेच असते, सक्करदऱ्याला. मॅडमना माझा स्वतःचा जन्म कसा झाला ते जाणून घ्यायचं होतं. मॅडम पुण्याच्या, नागपुरात येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं.

“आई, करुणा जन्माला आली तेव्हा वजन किती होतं?”

“वजन कोणी केलं जी? एका हातावर मावे. सुईण म्हणे, जगते का नाही.”

“आणि ती पोटात असताना तुम्ही कोणती औषधं घेत होतात?”

“नाही बाप्पा! एक गोळी नाही घेतली. सरकारी दवाखान्यातल्या लाल गोळ्या देल्या होत्या, त्या कोंबड्याईले टाकल्या.” आई अभिमानाने माझ्याकडे बघत होती. “औषधाचं काम केलं मी, पण घेतलं कधीच नाही.”

मॅडम लिहीत होत्या. “औषधाचं काम म्हणजे? तुम्ही दवाखान्यात होतात?”

“नाही वं माय, दुकानात.”

“मेडिकलच्या दुकानात?”

माझं बीपी घेणाऱ्या मंदा सिस्टर आधी खुदकन हसल्या. मग त्यांचं हसू गेलं. माझ्या दंडावरचा पट्टा तसाच फुगलेला राहिला. “मॅडम, आमच्याकडे औषध म्हणजे फवारणीचं. कपाशीवर मारतात ना, ते. गोळ्याऔषध वेगळं आणि हे औषध वेगळं. पण शब्द एकच.”

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी खुर्ची आईकडे वळवली. “सगळं सांगा. सावकाश सांगा.”

*

मी जन्मापासून ऐकलेली गोष्ट त्या दिवशी मला पहिल्यांदा ऐकू आली.

सावनेरला एक कृषी केंद्र होतं, म्हणजे बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. बाबा तिथे हमाल. दुकानाच्या मागे गोदाम, गोदामाला लागून एक खोली, त्या खोलीत आम्ही. मालकाला सगळे काकाजी म्हणत, आम्हीही. लहान शेतकऱ्याला पूर्ण कॅन नको असायची, अर्धी बाटली हवी असायची. म्हणून मोठ्या कॅनमधलं औषध लहान बाटल्यांत भरायचं. ते काम आईकडे, आमच्या खोलीत. पितळेचं नरसाळं होतं. कॅन रिकामी झाली की गरम पाण्यात बुडवायची, तिचं लेबल काढायचं, आतून धुवायची. मग ती पाण्यासाठी, तेलासाठी विकली जायची. दोन-तीन आमच्या घरातही होत्या. एकीत पाणी, एकीत तांदूळ.

“लेबल लवकर निंघे नाही,” आई मॅडमना सांगत होती, जणू कामाचं कसब समजावते आहे. “नखानं काढा लागे. कडेनं उचलाचं अन् सावकाश ओढाचं, मंग अख्खं निंघते.”

“हातमोजे?”

आईला वाटलं मॅडम गंमत करतात.

“वास येत नव्हता?”

“येई ना. पदर बांधो नाकाले. मंग सवय होऊन जाते. हे पोटात होती तवा नवव्या महिन्यापावतर केलं. अन् हे झाल्यावर सव्वा महिन्यानं परत बसली. हे मांडीवर, अन् मी भरून राहिली.”

मी तिथेच बसले होते. हे सगळं मला माहीत होतं. आईच्या कष्टाची गोष्ट म्हणून मी ती कॉलेजच्या भाषण स्पर्धेत सांगितली होती, बक्षीसही घेतलं होतं. ऑफिसात मी रोज रसायनांच्या सेफ्टी शीट फाइल करते. कोणता डबा कुठे ठेवायचा, कोणी हात लावायचा नाही, गरोदर बाईने कशापासून दूर राहायचं, सगळं त्यावर असतं. आणि तरी माझ्या डोक्यात हे दोन कागद कधी एकमेकांशेजारी आले नाहीत. कारण तो माल होता ऑफिसातला, आणि हे होतं औषध. औषधाने कोणाचं वाईट होतं का?

मॅडमनी एक शब्द सांगितला. एंडोक्राइन डिसरप्टर. शरीरात हार्मोन निरोप पोचवतात. काही रसायनं त्या निरोपांत लुडबुड करतात. मोठ्या माणसापेक्षा पोटातल्या बाळाला ते जास्त बाधतं, कारण त्याचं लिव्हर, स्वादुपिंड, चरबीच्या पेशी तेव्हा घडत असतात. तिथे चुकीचा निरोप गेला, तर त्याचा परिणाम वीस-तीस वर्षांनी दिसू शकतो. वजन वाढेल, साखर वाढेल. कधी माझ्यासारखं, बाहेरून काहीच दिसत नाही.

“म्हणजे माझं यामुळेच झालं?”

“असू शकतं. जन्माचं कमी वजन, आईचं कमी खाणं, हीसुद्धा कारणं असतात. सगळं मिसळलेलं आहे. या विषयावर अभ्यास चालू आहेत. पण तुमच्याच बाबतीत हेच कारण, असं मी सिद्ध करू शकत नाही.”

“लिहून देऊ शकता का?”

“फाइलमध्ये संपर्काचा इतिहास लिहीन. कारण म्हणून नाही लिहिता येणार.”

मॅडम खरं बोलल्या, याचा मला राग आला. खोटं का होईना, त्यांनी कारणाला एक नाव द्यायचं होतं. आज मला वाटतं, त्यांनी बरोबर केलं. पण हे तुम्हालाही सांगून ठेवते: तुमच्या हाती पुरावा येणार नाही. संशय येईल, आणि तो घेऊनच जगावं लागेल.

*

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातली निळी कॅन बघितली. आईने सावनेरहून येताना आणलेली. मे महिन्यात नळ एक दिवसाआड येतो, तेव्हा त्यातलं पाणी आम्ही प्यायचो. मीही. गरोदरपणातही. तिच्या एका बाजूला चौकोनी फिकट डाग होता. तिथे कधीकाळी लेबल होतं. चारही कोपरे नीट, कुठे फाटलेलं नाही. आईचं काम.

कॅन फेकायला आई तयार नव्हती. “चांगली कॅन हाय, तीस वर्सं झाले, एक चीर नाही.” कबाड्याला दिली असती, तर त्याने दुसऱ्या घराला विकली असती. शेवटी प्रशांतने सळई तापवली आणि तिला जागोजागी भोकं पाडली. आई दारात उभी राहून बघत होती. मग म्हणाली, “मंग मी तुले तीस वर्सं कायचं पाणी पाजलं वं?”

मी जेवले, रात्रीचं इन्सुलिन घेतलं आणि झोपले. उत्तर न दिल्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्या दिवसांत एक जुनी गोष्ट माझ्यामागे लागली. तिसरीत होते मी. अक्षर जोडून इंग्रजी वाचायला नुकती लागले होते. घरात वाचायला दुसरं काय होतं? गरम पाण्यातून काढलेली लेबलं आई भिंतीला चिकटवायची, ओल येऊ नये म्हणून. मी ती वाचायची. एकदा काकाजी खोलीत आले, तेव्हा आई म्हणाली, “वाचून दाखव वं काकाजीले.” मी भिंतीसमोर उभी राहून जोरात वाचलं, “कीप आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन.”

मला अर्थ माहीत नव्हता. आईला नव्हता. बाबांना नव्हता. पण वाचणं आलं, म्हणून आईच्या डोळ्यांत पाणी. काकाजी हसले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि खिशातलं स्वतःचं पेन काढून मला दिलं. “खूप शिक बेटा.” पुढे त्यांनी मला सावनेरच्या शाळेतून नागपूरच्या कॉलेजपर्यंत मदत केली. बी.कॉम.च्या निकालाला पेढे वाटले. माझ्या लग्नात बाबांच्या शेजारी उभे राहिले. त्यांना मी देवमाणूस म्हणायची. खरंच म्हणायची.

मुलांच्या हाती लागू देऊ नका. एवढंच लिहिलं होतं तिथे. आणि ते वाचणारी मुलगी त्या भिंतीपासून हातभर अंतरावर उभी होती.

*

तेहतिसाव्या आठवड्यात शुगर आवरेना. इन्सुलिनचा डोस दर आठवड्याला वाढत होता. मॅडमनी तीन दिवस भरती करून घेतलं. दर काही तासांनी बोट टोचायचं, बाळाचे ठोके बघायचे, डोस बदलायचा. भिंतीवरचं घड्याळ आणि माझं बोट, एवढंच जग उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, भेटीच्या वेळेत, काकाजी आले. आता सत्तरी ओलांडलेली, हातात काठी. आई खाटेवरून पटकन उठली, डोक्यावर पदर घेतला, खुर्ची पुसून दिली. तिने त्यांना कळवलं होतं हे मला माहीत नव्हतं.

“क्या बेटा, कैसी है? अशी कशी सुकली?” त्यांनी पिशवीतून डबा काढून माझ्या उशाशी ठेवला. संत्रा बर्फी. “लहानपणी तुला आवडायची.”

शुगरसाठी भरती झालेल्या बाईला बर्फी. मी चिडले नाही. ते प्रेमाने आणलं होतं, मला दिसत होतं. हेच अवघड होतं.

“काकाजी, मी तिसरीत असताना तुम्हाला लेबल वाचून दाखवलं होतं. आठवतं?”

त्यांचा चेहरा उजळला. “याद है ना! सगळ्यांना सांगतो मी. हमालाची पोरगी, काय फटाफट इंग्रजी वाचे!”

“त्याचा अर्थ काय होता?”

त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. “अब इतकं कुठे लक्षात राहणार बेटा.”

“तुम्हाला इंग्रजी येत होतं.”

“बघ, त्या टाइमला सगळेच तसं करत होते. अख्ख्या तालुक्यात. मी एकटा थोडीच होतो? तुझ्या बापाला काम दिलं, राहायला खोली दिली, तुला शिकवलं. भूल गई क्या?”

“नाही भुलली जी,” आई मध्ये पडली. “शुगर वाढली का तिचं डोकं फिरते. तुम्ही मनावर घेऊ नोका.” आणि माझ्याकडे वळून दबक्या आवाजात, “काहून त्रास देऊन राहिली म्हाताऱ्या माणसाले?”

मी गप्प बसणार होते. पण आईनेच पूर्वी सांगितलेलं एक आठवलं. काकू, म्हणजे काकाजींची बायको, गरोदर असताना गोदामाकडे फिरकत नसत. वास सहन होत नाही म्हणून, असं आई सांगायची. “मोठ्या घरच्या, नाजूक,” असं म्हणून हसायचीसुद्धा.

“काकू का येत नव्हत्या गोदामात?”

“तिची बात अलग होती,” काकाजी वैतागून म्हणाले. “तिला डॉक्टरनेच मना केलं होतं. पेटात बच्चा असताना त्या मालाजवळ...”

पुढचं वाक्य आलं नाही. माल. आमच्यासमोर ते कायम औषध म्हणायचे. घरी त्याला माल म्हणत होते.

आई उभी होती, खुर्चीच्या पाठीला धरून. शेजारच्या खाटेवरची बाई नातेवाइकाला “हळू बोल” म्हणाली, तेही ऐकू आलं.

“कवा सांगतलं डॉक्टरनं?” आईने विचारलं.

“काय?”

“काकूले. कवा सांगतलं होतं?”

“मोठ्याच्या वेळी,” काकाजी काठीकडे बघत म्हणाले.

त्यांचा मोठा मुलगा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. हे आईला चांगलं माहीत होतं. त्याच्या बारशाची भांडी तिनेच घासली होती.

आईने उशाजवळचा बर्फीचा डबा उचलला, काकाजींच्या पिशवीत परत ठेवला आणि पिशवीचे बंद त्यांच्या हातात दिले. “हे घेऊन जा. पोरीले चालत नाही.”

‘जी’ नाही म्हणाली. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच. ते गेले तेव्हा ती दारापर्यंत सोडायलाही गेली नाही. खुर्चीवर बसली आणि आपली नखं बघत राहिली. दोन्ही अंगठ्यांची नखं तिची आजही आडवी चिरलेली आहेत.

“माह्याच हातानं,” एवढंच म्हणाली.

या वेळी मी गप्प बसले नाही. “तुले कोणी सांगतलंच नाही, आई. ज्याले माहीत होतं, थो हसला.” मी एरवी घरी अशी बोलत नाही. शिकल्यापासून सोडलं होतं. त्या दिवशी तेच तोंडात आलं.

मंदा सिस्टर बोट टोचायला आल्या. दोनशे चार. मशीन बघून त्या म्हणाल्या, “भांडण झालं वाटते.” मी हो म्हटलं. “मंग भांडणाचं इन्सुलिन वेगळं द्या लागते,” असं म्हणून त्यांनी मॅडमना फोन लावला. आईला आणि मला दोघींनाही हसू आलं. रडतानाच आलं.

*

अडतिसाव्या आठवड्यात सिझेरियन झालं. मुलगी. दोन किलो नऊशे ग्रॅम. आधी रडली, मग रडायची थांबली.

शुगर असलेल्या आईच्या बाळाची साखर जन्मल्यावर एकदम उतरू शकते. आईच्या साखरेवर ते पोटात जास्त इन्सुलिन बनवत राहतं, आणि बाहेर आल्यावर ती साखर मिळत नाही. म्हणून टाचेला टोचून बघतात. तिची पहिली कमी आली. लगेच दूध पाजायला लावलं. पुन्हा टोचलं. थोडी वर. पुन्हा दूध, पुन्हा टाच. तिसऱ्या वेळी आकडा पुरेसा आला, डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली. तिच्या इवल्याशा टाचेवरचे ते ठिपके मी मोजले नाहीत.

ती ठीक आहे. पुढे काय, हे कोणी सांगू शकत नाही. मॅडम म्हणाल्या, “वजन, खाणं, खेळणं बघत राहा. थोडी मोठी झाली की तपासत राहू. तुम्ही सात महिने शुगर सांभाळली, म्हणजे तिला तुमच्यापेक्षा चांगली सुरुवात मिळाली.” हे वाक्य मी जपून ठेवलं आहे. माझी शुगर गोळ्यांवर आली आहे, गेलेली नाही. काकाजींचा फोन दोनदा आला. आईने उचलला नाही. मीही नाही. मला माफ करता येत नाही, आणि त्यांनी केलेल्या मदतीने मी शिकले हेही पुसता येत नाही. त्यांनी दिलेल्या पेनाचं टोपण अजून घरात आहे. पेन कधीच हरवलं.

तुम्हाला एवढंच सांगते. फॉर्मवर “औषध” शब्द आला की माझ्यासारखी घाई करू नका. आईला फोन करा. काय घेतलं, एवढंच विचारू नका; कशात हात घातला, कुठे राहिली, पाणी कशात भरलं, हेही विचारा. बाळाच्या फाइलमध्ये मी आता ते सगळं लिहिलं आहे, आजीपासून. जागा अपुरी पडली तर मागच्या पानावर लिहा.

दवाखान्यातून घरी आल्यावर पाचव्या दिवशी बाळाला डी व्हिटॅमिनचे थेंब द्यायचे होते. मी बाटली उघडणार, तर आईने माझा हात धरला.

“पयले वाच.”

मी वाचलं. नाव, किती थेंब, कधीपर्यंत वापरायचं. शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ होती. तीच. कीप आउट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन.

“असं नाही,” आई म्हणाली. “अर्थ सांग.”

मी सांगितला. लेकरांच्या हाती लागू देऊ नका.

आईने बाटली माझ्या हातातून घेतली. “भिंतीवर होतं, थे हेच?”

“हाव.”

तिने थेंब मोजून घातले, पाच म्हणजे पाचच. टोपण घट्ट लावलं. मग स्टूल ओढलं, पासष्ट वर्षांची बाई त्यावर चढली, आणि बाटली सगळ्यात वरच्या फळीवर, भिंतीला लागून ठेवली. दहा दिवसांच्या लेकराचा हात तिथे पोचायला अजून किती वर्षं आहेत, हे मी तिला सांगितलं नाही. मी स्टूल धरून उभी राहिले.